एएनएमची नोकरी आणि जीएनएमचं शिक्षण: सोलापुरातल्या सिस्टरसाठी सविस्तर मार्गदर्शन

सोलापुरातल्या खासगी दवाखान्यांत रात्री वॉर्ड सांभाळणाऱ्या अनेक सिस्टर एएनएम, म्हणजे सहाय्यक परिचारिका-प्रसाविका, असतात. काम जवळजवळ स्टाफ नर्सचं, पगार मात्र एएनएमचा. मग दोन-तीन वर्षांनी प्रश्न येतोच: नोकरी न सोडता जीएनएम, म्हणजे स्टाफ नर्स होण्यासाठीचा पुढचा अभ्यासक्रम, करता येईल का?

पूर्णवेळ नोकरी ठेवून करता येत नाही. आठवड्याला एखादी ड्युटी आणि सुट्टीतलं काम धरून करता येतं. या दोन वाक्यांतला फरक ज्यांना आधी कळत नाही, त्यांचं पहिलं वर्ष वाया जातं किंवा फीचे पैसे बुडतात. खालचं सगळं याच हिशोबानं लिहिलं आहे.

आधी स्वतःचा कागद ओळखा

दवाखान्यात सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतात, पण कागद तीन प्रकारचे असतात.

पहिला, एएनएम. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, राज्याच्या नर्सिंग शिक्षण मंडळाची परीक्षा आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. नोंदणी क्रमांक असेल तरच तुम्ही एएनएम. परीक्षा पास होऊन नोंदणी राहिली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ती करा.

दुसरा, सहा महिने किंवा वर्षभराचं ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘रुग्ण सहाय्यक’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असं प्रमाणपत्र. यावर परिषदेची नोंदणी होत नाही, मग दवाखान्यात दहा वर्षं इंजेक्शनं दिलेली असोत. अशा मुलीनं ‘आधी एएनएम, मग जीएनएम’ करत पाच वर्षं घालवू नयेत. बारावी इंग्रजीसह ४० टक्क्यांनी झाली असेल तर थेट जीएनएमला अर्ज करावा.

तिसरा, कागदच नाही, डॉक्टरांनी हाताखाली शिकवलेलं. इथे सुरुवात बारावीपासून. शाळा सुटली असेल तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बारावी देता येते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या जीएनएम अभ्यासक्रमात प्रवेशासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. एकूण ४० टक्के हवेत आणि इंग्रजीत स्वतंत्र ४० टक्के हवेत. कला शाखेतून आलेल्या बऱ्याच जणी अडकतात त्या इंग्रजीच्या मार्कांवर, म्हणून गुणपत्रिका काढून तो एक आकडा आधी बघा. वयाची अट १७ ते ३५ अशी आहे, पण एएनएम आणि एलएचव्हींना (लेडी हेल्थ व्हिजिटर) वरची मर्यादा नाही. ‘आता वय झालं’ असं अडतिसाव्या वर्षी म्हणणाऱ्या एएनएमनं ही ओळ दोनदा वाचावी.

बी.एस्सी. नर्सिंगला बारावी विज्ञान शाखेची, जीवशास्त्रासह लागते. कला किंवा वाणिज्यवाल्यांसाठी रस्ता जीएनएम आणि मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. असाच आहे. पोस्ट बेसिक नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे येतं आणि त्याला आधी जीएनएमची नोंदणी लागते. एएनएमवरून तिथे थेट उडी मारता येत नाही.

प्रवेशाची पद्धत, सीईटीच्या अटी आणि तारखा वर्षागणिक बदलतात. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरची त्या वर्षाची माहितीपुस्तिका उतरवून घ्या आणि तीच खरी माना. मैत्रिणीच्या मागच्या वर्षीच्या अनुभवावर तारीख चुकते.

तीन वर्षांत मोकळा वेळ किती उरतो

जीएनएम तीन वर्षांचं आहे आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी इंटर्नशिप असते. साधारण दिवस असा जातो: सकाळी वॉर्डात क्लिनिकल पोस्टिंग, दुपारी वर्ग, संध्याकाळी असाइनमेंट आणि केसबुक. आठवड्याचे सहा दिवस. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पोस्टिंगही लागतात.

हजेरीचा नियम कडक आहे. प्रत्येक विषयाच्या थिअरीला किमान ८० टक्के, प्रात्यक्षिकाला १०० टक्के. म्हणजे एखाद्या विषयाचे १२० तास असतील तर जास्तीत जास्त २४ तास बुडवता येतात, आणि त्यातच ताप, घरचं लग्न, मुलाची शाळा सगळं बसवायचं. प्रात्यक्षिकाचा बुडालेला दिवस तर माफ होतच नाही, तो पुढे भरून द्यावा लागतो. पंधरा दिवस बुडाले तर बरोबरीच्या मुली कागद घेऊन बाहेर पडतात आणि तुम्ही वॉर्डात दिवस भरत बसता. तेवढीच नोंदणी उशिरा, तेवढीच भरतीची जाहिरात हुकते.

पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, नर्सिंगची मूलतत्त्वं, प्रथमोपचार, सामुदायिक आरोग्य, पोषण, इंग्रजी, संगणक असं सगळं एकदम अंगावर येतं. दुसऱ्या वर्षी मेडिकल-सर्जिकल, मानसिक आरोग्य आणि बालरोग. तिसऱ्या वर्षी प्रसूतिशास्त्र, सामुदायिक आरोग्याचा दुसरा भाग, शिवाय अध्यापन, संशोधन आणि वॉर्ड व्यवस्थापन. एएनएमला पहिल्या वर्षातलं सामुदायिक आरोग्य आणि तिसऱ्या वर्षातलं प्रसूतिशास्त्र ओळखीचं वाटतं. दांडी उडते ती शरीररचना आणि मेडिकल-सर्जिकलमध्ये. त्यामुळे पहिल्या वर्षाचे पहिले चार महिने बाहेरचं काम घेऊच नका, वेळापत्रक अंगवळणी पडू द्या.

‘फक्त परीक्षेला या’ म्हणणारा एजंट

सोलापूर सीमेवरचं शहर. विजयपूर, कलबुर्गी दोन-अडीच तासांवर. त्यामुळे ‘नोकरी करा, कॉलेजला यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघतो, फक्त परीक्षेला या’ असं सांगणारे एजंट इथे सहज भेटतात. कर्नाटकात चांगली नर्सिंग कॉलेजं आहेत आणि तिथे नियमित शिकून आलेल्या मुलीच्या कागदाला काही कमीपणा नाही. अडचण आहे ती न जाता मिळालेल्या कागदाची.

तो कागद तीन ठिकाणी अडतो. कॉलेजला त्या वर्षाची मान्यता नसेल तर परिषद नोंदणी करत नाही. नोंदणी झालीच तरी सरकारी भरतीच्या कागदपत्र पडताळणीत तुमचा जुन्या नोकरीचा हजेरीपट आणि कॉलेजची हजेरी एकाच तारखांची निघते. आणि यातूनही सुटलात तरी वॉर्डात पहिल्याच आठवड्यात कळतं की व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचं सक्शन (श्वासनलिकेतला स्राव ओढून काढणं) कधी केलेलंच नाही. दूरशिक्षणाने जीएनएम होत नाही. त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

परराज्यात शिकायचंच असेल तर एक गोष्ट आधीच धरून चाला: नोंदणी आधी त्या राज्याच्या परिषदेत होते, मग तिथून पडताळणी आणि ना-हरकत घेऊन महाराष्ट्रात. या प्रवासाला वेळ लागतो.

कॉलेज बघायला जाताना

माहितीपत्रकातले फोटो बघून काही कळत नाही. हे विचारा आणि बघा.

१. या शैक्षणिक वर्षाचं मान्यतापत्र. ‘मान्यता आहे’ हे उत्तर नव्हे; कागद, तारीख आणि मंजूर जागांचा आकडा डोळ्यांनी बघा. मग राज्य परिषदेच्या आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीत तेच नाव, त्याच पत्त्यासह आहे का ते तपासा. सारख्या नावाच्या संस्था असतात.

२. संलग्न रुग्णालय कोणतं. जीएनएमसाठी किमान १०० खाटांचं रुग्णालय लागतं आणि एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट हे प्रमाण धरलेलं आहे. त्या रुग्णालयात सकाळी अकराच्या सुमारास जाऊन या. खाटा भरलेल्या आहेत का, शिकाऊ मुली खरंच काम करतायत का की नुसत्या उभ्या आहेत, हे अर्ध्या तासात दिसतं. ओस वॉर्डात तीन वर्षं काढून हात तयार होत नाही. सोलापुरातल्या मुलींना या बाबतीत एक फायदा आहे: सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, सतत गजबजलेलं असतं. तिथे क्लिनिकल पोस्टिंग मिळणार का, हे स्पष्ट विचारा.

३. होस्टेल सक्तीचं आहे का. असेल तर रात्री बाहेर राहायची परवानगी कोण देतं आणि महिन्यातून किती वेळा. बाहेरच्या ड्युटीचं सगळं गणित या एका नियमावर ठरतं, आणि नेमका हाच प्रश्न विचारायचा राहतो.

४. शिकत असताना पगारी काम करायला परवानगी आहे का. अनेक कॉलेजांची हमीपत्रं ‘नाही’ म्हणतात. मग सुट्टीतल्या कामाबद्दल प्राचार्यांना अर्ज देऊन लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘करा हो’ म्हणणाऱ्या मॅडम पुढच्या वर्षी तिथे असतीलच असं नाही.

कागद: मूळ प्रत एकच असते

हा मुद्दा छोटा वाटतो, पण सगळ्यात जास्त मुली इथेच अडकतात. काही खासगी दवाखाने कामावर घेताना मूळ गुणपत्रिका आणि नोंदणी प्रमाणपत्र ठेवून घेतात. पुढे कॉलेजला प्रवेशासाठी तेच मूळ कागद लागतात. दवाखाना म्हणतो, ‘माणूस मिळेपर्यंत थांबा’. कॉलेज म्हणतं, ‘परवापर्यंत आणा’. त्यामुळे मूळ कागद कामाच्या ठिकाणी देऊच नका. दिलेले असतील तर प्रवेश सुरू व्हायच्या दोन महिने आधी, राजीनाम्याचा विषयही न काढता, ‘नूतनीकरणासाठी हवेत’ म्हणून परत घ्या. नूतनीकरण खरंच करा, म्हणजे खोटंही बोललं जात नाही.

नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्याला निरंतर शिक्षणाचे तास लागतात; भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण पाच वर्षांत १५० तासांचं आहे. परिसंवादाचं प्रमाणपत्र मिळालं की त्याच दिवशी फाइलला लावा.

फाइलमध्ये हे हवं: दहावी-बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, एएनएमची गुणपत्रिका आणि नोंदणी, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला, आधारशी जोडलेलं बँक खातं, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी किंवा विवाह नोंदणी प्रमाणपत्र. यातली जात वैधता सगळ्यात जास्त वेळ खाते, तिचा अर्ज सगळ्यात आधी. प्रत्येकाच्या दहा-दहा झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा. निकालाच्या आठवड्यात सेतूत आणि झेरॉक्सच्या दुकानात रांगा असतात.

शिष्यवृत्तीचे अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर होतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, प्रवेश केंद्रीय फेरीतून आहे की व्यवस्थापनाच्या जागेवर, यावर पात्रता ठरते. व्यवस्थापनाच्या जागेचं गोड आमंत्रण स्वीकारण्याआधी शिष्यवृत्ती जाते का ते विचारा. दुसरी, मंजूर झालेले पैसे वेळेत येतीलच असं नाही. पहिल्या वर्षाची फी आणि सहा महिन्यांचा घरखर्च हातात असल्याशिवाय नोकरी सोडू नका.

आत्ताच्या नोकरीचं काय करायचं

जिल्हा परिषदेत किंवा शासनात कायम असाल तर राजीनामा हा शेवटचा पर्याय. आधी आस्थापना शाखेत जाऊन अध्ययन रजा आणि सेवांतर्गत उमेदवारांसाठी जागा आहेत का, याची लेखी विचारणा करा. अध्ययन रजा हक्क म्हणून मिळत नाही. सेवेची वर्षं बघतात आणि परतल्यावर ठराविक काळ नोकरी करण्याचं बंधपत्र घेतात. अर्ज आरोग्य केंद्रातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला फिरतो. आषाढीच्या आगेमागे सगळी यंत्रणा पंढरपुरात गुंतलेली असते, तेव्हा फाइल हलत नाही. अर्ज उन्हाळ्यातच टाका आणि आवक क्रमांक लिहून घ्या.

राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी असाल तर करार ११ महिन्यांचे असतात. तीन वर्षांच्या रजेची तरतूद तिथे शोधू नका. कराराचा शेवट आणि प्रवेशाची तारीख जुळवा, मध्येच सोडलं तर अनुभव प्रमाणपत्रासाठी हेलपाटे पडतात.

खासगी दवाखान्यात असाल तर सोडू नका, स्वरूप बदला. एक महिन्याची लेखी नोटीस, पूर्ण वेळेची कार्यमुक्ती, आणि त्याच दवाखान्यात ‘गरजेनुसार, अर्धवेळ’ अशी नवी नेमणूक. तुमचा हात माहीत असलेली सिस्टर शनिवारी रात्री मिळत असेल तर बहुतेक मॅनेजमेंट हो म्हणतं.

इथे एक धोका आहे. पुढे अनुभव प्रमाणपत्र लिहून देताना दवाखाना सहज ‘अमुक साल ते तमुक साल, पूर्णवेळ’ असं लिहून टाकतो. तुम्हाला वाटतं, बरंच झालं. पण त्याच काळात तुम्ही जीएनएमला १०० टक्के हजर होतात असं दुसरा कागद सांगत असतो. पडताळणीत दोन्ही समोर आले की दोन्ही संशयात. ‘अर्धवेळ, आठवड्यातून एक रात्र’ असंच लिहून घ्या. पदनामही ‘एएनएम’ हवं, ‘स्टाफ नर्स’ नको.

काही मोठे दवाखाने फी भरतात आणि त्या बदल्यात बाँड घेतात. वाईट नाही, पण सही करण्याआधी चार गोष्टी वाचा: एखादं वर्ष नापास झालात तर काय, बाँड मोडल्यावर भरायची रक्कम दरवर्षी कमी होते की तेवढीच राहते, नोकरी स्टाफ नर्सच्या पगारावर की एएनएमच्या, आणि मूळ कागद कुणाकडे. कोरा चेक मागितला तर उठून या.

कोणती ड्युटी घ्यायची

शनिवारी रात्री आठ ते रविवारी सकाळी आठ. शिकणाऱ्या मुलीला परवडणारी ड्युटी हीच. शनिवारी कॉलेज सुटल्यावर दीड तास झोप, मग ड्युटी, रविवारी सकाळी नऊ ते दुपारी तीन झोप, चार ते आठ अभ्यास, रात्री दहाला परत झोप. सोमवारी वॉर्डात उभं राहता येतं. रविवारी दिवसाची बारा तास केली की रात्री नऊला घरी, अभ्यास शून्य आणि सोमवारी सकाळी पाय सुजलेले.

आठवड्याच्या मधली नाइट घेऊ नका. रात्रभर जागून सकाळी क्लिनिकलला गेलेली मुलगी दहा-साडेदहाला औषधाचं लेबल दोनदा वाचते आणि तरी चुकीचं वाचते. कॉलेजची स्वतःची नाइट पोस्टिंग असेल त्या आठवड्यात बाहेरचं काम पूर्ण बंद.

एप्रिल-मे वेगळा धरा. सोलापूरचं ऊन चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही, आणि न झोपलेली नाइट दोन दिवस भोवते. त्या दोन महिन्यांत नाइट निम्म्यावर आणा किंवा दवाखान्याच्या ड्युटी रूममध्येच सकाळची झोप काढायची परवानगी घ्या. दुसरं, पाणी. इथे नळाला रोज पाणी येत नाही, आणि येतं तेव्हा अवेळी येतं. घरात पाणी भरणारी बाई बहुतेक वेळा तीच असते जिला नाइट करून झोपायचं असतं. हे काम तीन वर्षं कुणी करायचं, ते प्रवेश घेण्याआधी घरात स्पष्ट ठरवा.

दवाखान्याऐवजी घरी पेशंट सांभाळायची रात्र काहींना सोपी वाटते. पक्षाघाताचा स्थिर पेशंट, नळीतून फीड, कूस बदलणं असं असेल तर ठीक. पण घरी दुसरी सिस्टर नसते, डॉक्टर फोनवर असतात आणि शिरेतून औषध द्यायचा आग्रह होतो. लेखी ऑर्डर आणि तातडीची सोय नसताना शिरेतून काहीही देऊ नका. जाण्या-येण्याची सोय त्यांच्याकडून ठरवून घ्या. रात्री आठनंतर जुळे सोलापुरातल्या आतल्या गल्लीतून रिक्षा मिळणं नशिबावर असतं.

ड्युटीवर: सवयीनं होतं तेच तपासून करायचं

अनुभवी एएनएमचा हात चांगला असतो आणि तोच तिला शिकताना नडतो. डोस ‘माहीत’ असतो, काढता येत नाही. जीएनएमच्या तोंडी परीक्षेत आणि पुढे अतिदक्षता विभागात काढता यावा लागतो.

थेंबांपासून सुरुवात करा. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचं आहे. सलाइन सेटच्या पाकिटावर ‘१ मिली = २० थेंब’ छापलं आहे. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. १५ सेकंदांत साधारण १० ते ११ मोजले की झालं. हेच मायक्रोड्रिपवर, जिथे १ मिलीचे ६० थेंब असतात, मिनिटाला १२५ येतं. पाकीट न बघता लावलं तर वेग तिपटीनं चुकतो.

मुलांचं पॅरासिटामॉल: किलोला १५ मिलिग्रॅम. १२ किलोच्या बाळाला १८० मिलिग्रॅम. ५ मिलीत १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर ७.२ मिली, ५ मिलीत २५० चं असेल तर ३.६ मिली. बाटल्या दिसायला सारख्या. ‘दीड चमचा द्या’ असं सवयीनं सांगितलं आणि घरी बाटली २५० ची निघाली तर बाळाला दुप्पट जातं.

इन्सुलिनची चूक सगळ्यात महाग. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुधा १ मिलीत ४० युनिटचं असतं, त्याला लाल टोपीची ४० ची सिरिंज. पेनातलं १ मिलीत १०० युनिटचं, आणि १०० च्या सिरिंजची टोपी नारिंगी. आता रात्री पेन बिघडला म्हणून कुणी काडतुसातून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आत गेलं अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट. पहाटे तीनला पेशंट घामाघूम आणि बेशुद्ध. उलट अदलाबदलीत, ४० चं इन्सुलिन १०० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत घेतलं तर २० ऐवजी ८ युनिटच जातात आणि सकाळी साखर का चढली ते कुणालाच कळत नाही. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच हवा. नसेल तर भरू नका.

फोनवरची ऑर्डर: ऐका, लिहा, लिहिलेलं डॉक्टरांना परत वाचून दाखवा, वेळ टाका आणि सकाळच्या राउंडला सही घ्या. औषध देण्याआधी चार्टवर सही करून ठेवायची सवय अनेक वॉर्डांत आहे, ती मोडा. रक्त चढवणं एकटीनं करू नका, पिशवी आणि पेशंटची ओळख दोघींनी पडताळायची असते. आणि शिकाऊ म्हणून कॉलेजच्या वॉर्डात असताना ट्यूटर किंवा इनचार्ज सिस्टरला न सांगता काही करू नका, हात कितीही बसलेला असो. तिथे तुम्ही विद्यार्थिनी आहात.

कामातून अभ्यास कसा काढायचा

प्रत्येक ड्युटीला एकच पेशंट निवडा आणि त्याची केअर प्लॅन, म्हणजे काळजीची लेखी आखणी, लिहा. नाव आणि ओळख नको, केसपेपरचा फोटो तर मुळीच नको.

एएनएमची नोंद साधारण अशी असते: ‘ताप होता, अंग पुसलं, गोळी दिली.’ परीक्षकाला हवं ते असं. निरीक्षण: रात्री १० ला तापमान ३९.२ अंश सेल्सिअस, नाडी ११२, ओठ कोरडे, संध्याकाळपासून लघवी एकदाच. नर्सिंग निदान: संसर्गामुळे शरीराचं तापमान वाढलेलं, शरीरातलं पाणी कमी होण्याचा धोका. उद्दिष्ट: दोन तासांत तापमान ३८ च्या खाली. कृती: कोमट पाण्यानं अंग पुसणं, ऑर्डरप्रमाणे पॅरासिटामॉल, तासाला १०० मिली तोंडानं, आत-बाहेरची नोंद सुरू. कारण: कोमट पाणी, कारण गार पाण्यानं थंडी भरून ताप उलट वाढतो. मूल्यमापन: रात्री १२ ला ३७.८, लघवी २०० मिली, उद्दिष्ट साध्य. काम तेच होतं. कारण आणि मूल्यमापन एवढंच वाढलं, आणि मार्क तिथेच आहेत.

लसीकरणाच्या प्रश्नात एएनएमनं मार्क घालवता कामा नयेत, तरी घालवतात, कारण हाताला माहीत असलेलं कागदावर येत नाही. बीसीजी डाव्या दंडावर त्वचेच्या आत, एक महिन्याच्या आतील बाळाला ०.०५ मिली. पेंटा (पाच रोगांवरची एकत्र लस) डाव्या मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायूत ०.५ मिली. एमआर (गोवर-रुबेला) उजव्या दंडावर त्वचेखाली ०.५ मिली. शीतसाखळी २ ते ८ अंश. विरघळवलेली बीसीजी आणि एमआर ४ तासांनंतर वापरायची नाही. पुढे ‘का’ लिहा: या लसींत जंतुसंसर्ग रोखणारं द्रव्य नसतं, त्यामुळे उघडलेल्या कुपीत जंतू वाढून विषारी धक्का बसू शकतो. प्रसूतीनंतर मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत हे रोज दिलेलं असतं. गर्भाशय आकुंचन पावून वारेच्या जागच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हे वाक्य लिहायचं राहतं.

इंग्रजीची भीती असेल तर केसपेपरपासून सुरुवात करा, व्याकरणापासून नको. रोज पाच शब्द: केसपेपरवर दिसलेला, उच्चार, अर्थ, त्याच पेशंटमध्ये तो कसा दिसला. आणि एक गोष्ट विसरू नका: पूर्व भागातल्या आजी तेलुगूत ‘नोप्पी’ म्हणतात, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नडमध्ये ‘नोवु’ म्हणतात, आणि दोन्हीचा अर्थ दुखतंय एवढा समजणारी सोलापूरची एएनएम पेशंटची माहिती बाहेरून आलेल्या वर्गमैत्रिणीपेक्षा लवकर काढते. केस प्रेझेंटेशनमध्ये त्याचा पुरेपूर उपयोग करा.

सुई टोचली तर

हेपॅटायटिस बीच्या तीन मात्रा (०, १ आणि ६ महिने) प्रवेशाआधीच सुरू करा. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची तपासणी करून घ्या. १० एमआययू/मिली किंवा त्याहून जास्त आलं तर संरक्षण आहे.

सुई टोचली तर दाबून रक्त काढू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा, लगेच इनचार्जला सांगा, पेशंटचं रक्त तपासायला सांगा. एचआयव्हीची शक्यता असेल तर औषध शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं आणि २८ दिवस घ्यायचं असतं. त्यासाठी सिव्हिलला जा. अर्धवेळ मुली हे लपवतात, कारण कॉलेजला बाहेरचं काम कळेल ही भीती. प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या म्हटलं ते याच्यासाठीही. अर्धवेळ नेमणूकपत्रात ड्युटीवरच्या इजेचा खर्च दवाखाना करेल, अशी एक ओळ टाकून घ्या.

निकालानंतर

निकाल लागला म्हणजे नोंदणी झाली असं नाही. तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, उत्तीर्ण आणि प्रशिक्षण पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, जुना एएनएम नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्र घेऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नव्यानं अर्ज करायचा. एएनएमची नोंदणी आपोआप वर सरकत नाही. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते अर्ज करण्याआधी बघा. एका अक्षरावरून अर्ज परत येतो आणि दुरुस्ती मंडळाकडून करून आणावी लागते.

नोंदणी हातात येईपर्यंत दवाखान्यानं ‘स्टाफ नर्स’ म्हणून कामाला लावलं तरी तो काळ नोंदणीकृत परिचारिकेचा अनुभव म्हणून धरला जात नाही. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे नर्सिंग भरती परीक्षेला, जीएनएमवाल्यांकडून किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि एएनएम म्हणून काढलेली वर्षं त्यात मोजत नाहीत. म्हणून नोंदणी क्रमांक मिळाला त्याच आठवड्यात दवाखान्याकडून नवं नेमणूकपत्र घ्या: नवं पदनाम, नवा पगार, नोंदणी क्रमांक आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या छापलेलं. जुन्याच पत्रावर काम करत राहिलात तर दोन वर्षांनी मोजायला सुरुवातीची तारीखच सापडत नाही.